हॅट उलटी करून बघा

जुनी फेल्ट हॅट हातात आली की बहुतेक जण ती डोक्यावर ठेवतात आणि आरसा शोधतात. विकणाऱ्यालाही तेच हवं असतं, कारण एकदा आरशात स्वतःला बघून घेतलेलं गिऱ्हाईक मग धड भाव करत नाही. माझं मत असं की हॅट आधी उलटी करावी, आत बोटं घालावीत, नाकाशी न्यावी, उजेडात धरावी आणि डोक्यावर चढवावी ती अगदी शेवटी. साडी घेताना पदरावर भाळण्याआधी आपण काठाची मागची बाजू बघतो ना, तेच शहाणपण इथेही चालतं.

आता जळगावसारख्या गावात, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो आणि माणसं डोक्याला रुमाल गुंडाळूनच घराबाहेर पडतात, तिथे फेल्ट हॅट हवी कोणाला? नाटकवाल्यांना. आमचा हौशी संच राज्य नाट्य स्पर्धेत उतरतो आणि त्यातलं कपड्यांचं खातं माझ्याकडे आहे. यंदाच्या संहितेत १९४०च्या सुमाराचा रेल्वेचा एक साहेब होता. ड्रेपरीवाल्याकडे ‘साहेबाची हॅट’ म्हणून जे मिळतं, ते म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेलं काळं कापड, नाहीतर पोरांच्या वाढदिवसाला वाटतात तसली चमचम टोपी. आमचा दिग्दर्शक हट्टाला पेटला. “काकू, खरी पाहिजे. ती काढून टेबलावर ठेवताना आवाज नाही आला पाहिजे.” पुठ्ठ्याची हॅट टेबलावर टक्‌ करून वाजते, हे पोराने बरोब्बर हेरलं होतं.

खरी म्हटल्यावर भुसावळ.

या गावाची सगळी वाढच रेल्वेने झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वेचं हे जंक्शन. मुंबईकडून आलेला मार्ग इथून एक नागपूरकडे आणि एक खंडव्याकडे फुटतो. इंजिनांची शेड, कारखाने, आणि त्यांच्याभोवती बंगले नि क्वार्टर्स. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन यांच्यात अँग्लो-इंडियन कुटुंबं होती. १९४७ नंतर त्यांतली कित्येक इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला निघून गेली, १९५१ साली जीआयपीची मध्य रेल्वे झाली, आणि मागे राहिलेल्या पेट्या, आरसे, काचसामान हातोहात फिरत राहिलं. अजूनही एखादं जुनं घर रिकामं झालं की काहीबाही भंगारात येतं. त्यात नशिबाने हॅटही असते.

मात्र भंगारवाल्याकडे नुसतं ‘हॅट’ म्हणू नये. तो आधी सोला हॅट काढून देतो. जुन्या फोटोंतल्या कलेक्टराच्या डोक्यावर असते ती, टणक आणि वजनाला हलकी. बंगालच्या पाणथळीत वाढणाऱ्या शोला नावाच्या झाडाच्या गराची ती बनवतात आणि वरून कापड चढवतात. उन्हासाठी ती उत्तम, पण भिजली की कामातून गेली. फेल्टची हॅट वेगळी. ती मऊ असते, मध्ये खळगी पाडलेली, भोवती रेशमी फीत आणि पुढून खाली वाकवता येणारी कड. साहेब दौऱ्यावर सोला घाली आणि संध्याकाळी क्लबात जाताना फेल्ट.

खानदेशात डोक्यावर काय आहे यावरून माणूस ओळखण्याची जुनी सवय आहे. डिसेंबर १९३६मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष पंडित नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबू आणि साध्यासुध्या गावरान वस्तूंतून तिथली सजावट केली होती. तिथे पांढऱ्या टोप्यांचा समुद्र, आणि तिथून तासाभराच्या वाटेवर भुसावळच्या फलाटावर फेल्टच्या हॅटी. पण म्हणून हॅट म्हणजे साहेब आणि टोपी म्हणजे आपण, अशी सरळ वाटणी करायला मी तयार नाही. आपल्या घराघरांत लागलेला भगतसिंगांचा फोटो आठवा. १९२९ साली दिल्लीत काढलेला. त्यांच्या डोक्यावर फेल्ट हॅटच आहे.

असो. हॅटकडे येते.

माझे वडील अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये मागावर होते. कापड हातात आलं की ते अंगठा आणि तर्जनीत धरून चुरायचे, मग कडेचा एक धागा ओढायचे, उजेडात धरून उभे-आडवे धागे किती दाट आहेत ते बघायचे आणि मगच बोलायचे. माझी बोटंही त्याच शाळेत शिकली. सुती कापड मी डोळे मिटून ओळखते. पण फेल्टपुढे ही विद्या कामी येत नाही, कारण त्यात ओढायला धागाच नसतो. उभा नाही, आडवा नाही, विणलेलं काहीच नाही. आहेत ते नुसते एकमेकांत अडकलेले केस.

लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात साबण लावून चोळला की आखडून जाड होतो आणि पुन्हा कधी अंगाला होत नाही, हे घरोघरी घडलेलं आहे. तीच क्रिया मुद्दाम केली की फेल्ट. जनावराच्या केसावर डोळ्यांना न दिसणारे बारीक खवले असतात. उष्णता, ओल आणि घर्षण मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. आपल्याकडे पिंजारी लोकर पिंजून, भिजवून, लाटून बुरणूस, म्हणजे जाड लोकरी पांघरूण, करायचे, त्यामागचं तत्त्व हेच. हॅटीसाठी सशाचे, किंवा महागात जायचं तर बीव्हर नावाच्या पाणजनावराचे, कातडीलगतचे मऊ केस घेतात. भोकं असलेल्या शंकूवर ते हवेने उडवून बसवतात, गरम पाण्याने एकजीव करतात, आणि मग तो भला थोरला शंकू आवळत आवळत डोक्याच्या मापाकडे आणतात. त्यानंतर लाकडी साच्यावर ओढून आकार देतात आणि पृष्ठभाग घासून गुळगुळीत करतात.

यात एक वाईट प्रकरण आहे. सशाचे केस आपण होऊन नीट अडकत नाहीत म्हणून कातड्यावर पाऱ्याच्या नायट्रेटचं द्रावण चोळत असत. त्या वाफेत वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचे हात थरथरायला लागत, बोलणं अडखळे, स्वभाव चिडका आणि भित्रा होई. अमेरिकेत हा प्रकार १९४१ साली बंद झाला. संग्रहालयांतल्या जुन्या हॅटींमध्ये आजही पारा सापडतो. म्हणून हॅट घरात बडवून झटकू नये, ओट्यावर तर मुळीच ठेवू नये, आणि हाताळून झाली की हात धुवावेत. घाबरून सोडून द्यावं असं त्यात काही नाही, पण नाकात धूळ ओढायचं कारण नाही.

भुसावळच्या एका बोळात जुन्या वस्तूंचं दुकान आहे. दुकान कसलं, पत्र्याखाली रचलेला ढीग. चाचा सत्तरीचे आहेत आणि गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे न बघता बोलतात. त्यांच्याकडे दोन हॅटी निघाल्या. तपकिरी हॅट त्यांनी स्वतः पुढे केली, राखाडी मला ढिगातून ओढून काढावी लागली.

“ही बघा ताई. विलायती. नाव बघा आतलं.”

नाव होतं खरं. आत सोनेरी रेशमी अस्तर, त्यावर मुकुट, ढाली आणि एका परदेशी कंपनीचं ठसठशीत नाव. मोठी नावं आहेतच या धंद्यात. लंडनची क्रिस्टीज १७७३पासूनची, इटलीत अलेस्सांद्रियाची बोर्सालिनो १८५७ची, फिलाडेल्फियाची स्टेटसन १८६५ची. यांतलं एखादं नाव दिसलं की किमतीला एक शून्य वाढतं. पण नाव ज्या अस्तरावर छापलेलं असतं, ते हॅटला लागलेलं असतं चार टाक्यांनी. चार टाके उसवून दुसरीकडे घालायला किती वेळ लागतो ते मला विचारा. फीत बदलता येते, अस्तर बदलता येतं, आतली कातडी पट्टीसुद्धा बदलता येते. बदलता येत नाही ते फक्त फेल्ट. म्हणून नाव वाचायचं, मान डोलवायची आणि पुढे जायचं.

मी तपकिरी हॅट उलटी केली. कपाळाला टेकते ती कातडी पट्टी बोटाने बाहेरच्या बाजूला वळवली. ही पट्टी खरी बोलकी. चांगल्या स्थितीत ती मऊ राहते आणि वळवली तर मुकाट वळते. इथे ती कुरडईसारखी तडकली, आणि पुढच्या बाजूचे टाके घामाने कुजून सुटलेले. मग मोबाइलची बॅटरी लावून हॅटच्या आत धरली. चाचांचं दुकान तसंही अंधारं. तपकिरी घुमटात उजेडाचे बारीक ठिपके चमकले, फितीच्या वरच्या कडेला जास्त. समोरच्या दोन खोबणी, जिथे माणसं हॅट चिमटीत धरून काढतात, तिथे फेल्ट इतकं झिजलेलं की भोक पडायला निमित्तच हवं होतं. (हॅट अशी चिमटीत धरून काढू नये. दोन्ही हातांनी कडेला धरून काढावी. सिनेमातल्या हिरोंनी ही वाईट सवय लावली.)

ते ठिपके कसरीचे, म्हणजे लोकर खाणाऱ्या किड्याचे. आम्ही कापसाच्या मुलखातली माणसं, आम्हाला कसरीचा फारसा अनुभव नाही, कारण कसरीची अळी खाते केस, लोकर, पिसं. सुताकडे ती ढुंकूनही बघत नाही. हॅटीचं अस्तर आणि फीत बऱ्याचदा शाबूत दिसतात आणि वरवर बघणारा फसतो. बोटाचं नख फितीखाली सरकवून बघावं. तिथे तिचा खरा मुक्काम असतो. पृष्ठभागावर लव चरून गेल्यासारख्या वेड्यावाकड्या वाटा दिसल्या, आणि दोन-तीन पांढुरक्या, तांदळाच्या कणीएवढ्या नळ्या मिळाल्या, तर समजावं की पाहुणे राहून गेलेत. किंवा अजून आहेत.

आता राखाडी. तिला अस्तरच नव्हतं, नाव नव्हतं. पुरुषांच्या हॅटीत असतो तसा फितीचा बो डाव्या अंगाला. कड अडीच इंचांच्या आसपास, म्हणजे साठीच्या दशकातल्या आखूड कडांच्या आधीची असावी. धूळ इतकी की रंग राखाडी आहे की मुळात निळसर, ते कळेना. पण अंगठ्याने कड खाली दाबली आणि सोडली, तर ती सावकाश वर आली आणि दाबल्याची रेघसुद्धा राहिली नाही. सशाचं फेल्ट असं वागतं. मेंढीच्या लोकरीचं जाड असतं, हाताला राठ लागतं, आणि दाबलं की रुसल्यासारखं तसंच राहतं. बॅटरी आत धरली, तर कुठेही उजेड नाही. कातडी पट्टी कपाळाच्या जागी घामाने काळपट झालेली, पण मऊ. टाके एकूण एक जागेवर.

पट्टी वळवली तेव्हा मागून दोन गोष्टी निघाल्या. एक, नखाएवढा कागदी तुकडा, त्यावर नुसता ७चा आकडा. दुसरी, वर्तमानपत्राची लांब, घट्ट घडी घातलेली पट्टी, घामाने चहाच्या रंगाची झालेली.

आकड्याचं गणित सोपं आहे. डोक्याचा घेर इंचांत मोजायचा आणि ३.१४ने भागायचं, की अमेरिकी माप येतं. इंग्लंडचं माप त्याहून एक अष्टमांशाने कमी धरतात. युरोपात सरळ सेंटिमीटर लिहितात. मी माझी टेप आतून फिरवली (टेप पर्समध्ये असतेच), ५७ सेंटिमीटर भरले. म्हणजे साडेबावीस इंचांना जरा कमी, भागिले ३.१४, सात पूर्णांक एक अष्टमांश. अमेरिकी हॅट असती तर तोच आकडा लिहिलेला असता. इथे ७ लिहिलंय, म्हणजे हॅट इंग्रजी मापाची. नाव नसलेल्या हॅटने स्वतःचा मुलूख सांगून टाकला.

घडी मात्र हॅटवाल्याने घातलेली नव्हती. हॅट डोक्याला सैल झाली की पट्टीमागे कागद भरतात, म्हणजे हा दुसरा धनी, लहान डोक्याचा. कागद मराठी होता. बाजारभावाचा रकाना, सरकी आणि डाळींचे दर, रुपये आणि आण्यांमध्ये. दशमान नाणी आपल्याकडे १ एप्रिल १९५७ला आली. त्याआधीचा कागद. इंग्रजी मापाची हॅट १९५७पूर्वीच कुणा मराठी वाचणाऱ्याच्या डोक्यावर बसली होती, आणि ती त्याला मोठी होत असूनही त्याने कागद भरून घातली. तो रेल्वेतला कारकून होता की अडतीवरचा माणूस, ते त्या घडीत लिहिलेलं नव्हतं. त्याने हॅट जपली होती हे मात्र टाक्यांवरून दिसत होतं.

चाचांनी तपकिरीचे बाराशे सांगितले. राखाडीकडे बघून म्हणाले, “ती धूळवाली? तिचं काय, द्या शंभर.” मी म्हटलं, “दोन्ही घेते, सातशे.” ते आकाशाकडे बघत राहिले. मग मी तपकिरीत बॅटरी धरून दाखवली. त्यांनी पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. “हे तर आम्हीबी नाही बघितलं ताई,” म्हणाले, आणि साडेसातशेला दिल्या. वर, बॅटरीची युक्ती फुकट घेतली. आता त्यांच्याकडचं पुढचं गिऱ्हाईक ठिपके बघू शकेल की चाचा अशी हॅट आधीच बाजूला ठेवतील, सांगता येत नाही.

दोन का घेतल्या, हे घरी विचारलं गेलंच. त्याआधी दोन्ही हॅटी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये गेल्या. कसरीची अंडी मारायचा हा सगळ्यात सभ्य उपाय, थंडीत आठवडाभर तरी ठेवायच्या. डांबरगोळ्या कपाटात ठेवतात, त्यांचा वास नाटकातल्या पहिल्या रांगेपर्यंत जातो. आठवडाभर आमच्याकडे बर्फ नव्हता.

साफसफाई गच्चीवर, नाकाला रुमाल बांधून. आधी मऊ ब्रश, वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, कारण लव त्या बाजूला बसवलेली असते. नंतर फितीलगतच्या तेलकट डागावर मुलतानी माती. कोरडीच भुरभुरायची, रात्रभर ठेवायची, सकाळी ब्रशने काढायची. पाण्याचा थेंबही नको. मग किटलीची वाफ. वाफेत फेल्ट ढिलं पडतं आणि आपण म्हणू तो आकार घेतं, पाच मिनिटांत पुन्हा घट्ट होतं. पण कातडी पट्टीला वाफ लागू द्यायची नाही, ती आखडते, म्हणून आधी बाहेर वळवून ठेवायची. राखाडीची धूळ गेली आणि खालून जो रंग निघाला, तो जून महिन्यात तापीवर पहिलं आभाळ येतं, त्या रंगाचा. निळसर होती तर.

तालमीला मी तपकिरी नेली. तिला आतून मलमलची पातळ पट्टी लावली होती, ठिपके झाकण्यापुरती. पाचव्या रांगेतून कसर दिसत नाही आणि नावही दिसत नाही, तेव्हा रंगमंचावर दोघांची किंमत सारखीच. दिग्दर्शकाचा डोळा मात्र तयार. त्याला पिशवीतली राखाडी दिसली.

“काकू, ही का नाही?”

“ही नाही.”

“काबरं?”

मी त्याला नटाचं डोकं दाखवलं. साठ सेंटिमीटर, त्यावर खोबरेल तेल, त्यावर मेकअपचा घाम. हॅट वाफेवर एखाद्या मापाने वाढवता येते. त्याहून जास्त ताणली की टाके जातात आणि पट्टी फाटते. तपकिरीची पट्टी गेलेलीच होती, ती मी काढून टाकली आणि जागा झाली. शिवाय दुसऱ्या अंकात साहेब चिडून हॅट खुंटीवर फेकतो, ती कधी बसते, कधी खाली पडते, आणि पडली की नट तिच्यावर पाय देतो. संहितेत पाय देणं नाही, पण दिग्दर्शकाला ते आवडलं आणि तसंच राहिलं.

राखाडी माझी. ५७ माझ्याच डोक्याचं माप आहे. जानेवारीत पहाटे मेहरूण तलावाच्या बाजूला फिरायला जाते तेव्हा घालते. एरवी ती कपाटात उलटी, घुमटावर बसवलेली असते, म्हणजे कडेवर भार येत नाही. चालताना ओळखीचे हाका मारतात, “काय काकू, कुठी चालल्या साहेब होऊन?” एका आजोबांनी थांबवून बारकाईने बघितली आणि बो डावीकडेच हवा हे त्यांनीच मला सांगितलं, मी ऐकून घेतलं.

उन्हाळ्यात मात्र प्रश्न येतो. इथल्या कोरड्या उकाड्यात कातडी आखडत जाते, आणि तिच्यासोबत हॅटही. त्यासाठी आत लाकडी साचा ठेवायचा असतो, दोन अर्धे तुकडे आणि मध्ये पाचर. असा साचा विकत कुठे मिळेना, म्हणून गल्लीतल्या सुतारमामांकडे कागदावर काढून नेला. त्यांनी कागद इकडून तिकडून बघितला.

“डोकं पुरं गोल असतं का हो?”

“नाही, मामा. लांबट असतं. मागे जरा रुंद.”

“मग तुमचं मोजू द्या,” म्हणाले आणि कानामागची पेन्सिल काढली. सागवानाचा होईल, पाचशे लागतील, पाचर बाभळीची घालू, ती झिजत नाही. मी म्हटलं, पाचर बाभळीची ठीक, पण तुकडे बाहेरून पॉलिश करू नका, हॅटीला डाग उतरेल. त्यावर ते म्हणाले पॉलिशचे पैसे त्यात धरलेलेच नव्हते.